जुन्या पोकलेनचे सेन्सर आणि वायरिंग: इंदूरच्या मशीनमालकांचे नेहमीचे प्रश्न

देवास नाका, पालदा, राऊ, पीथमपूर या पट्ट्यात मराठी घरांतल्या बऱ्याच जणांनी गेल्या काही वर्षांत सेकंड हँड पोकलेन (खोदकामाच्या मशीन) घेतल्या आहेत. कुणी प्लॉटिंगच्या कामाला, कुणी शेततळ्यांना, कुणी मुरमाच्या खाणीवर लावतं. मशीन दणकट असते, पण वायरिंग जुनी आणि चार हातांतून गेलेली असते. डिस्प्लेवर दिवा लागला की पहिला फोन स्पेअरवाल्याला जातो आणि सेन्सर मागवला जातो. तो फोन करण्याआधी अर्धा तास मीटर हातात घ्यावा, एवढंच आमचं कळकळीचं सांगणं आहे. खालचे प्रश्न आम्हाला रोज विचारले जातात.

डिस्प्लेवर सेन्सरचा कोड आला. सेन्सर बदलून टाकू का?

नाही, लगेच नको. कोड सेन्सरचं नाव घेतो, पण त्याचा रोख पूर्ण सर्किटकडे असतो. सर्किटमध्ये सेन्सर, कपलर (वायर जोडणारा प्लग), वायर, अर्थ, सप्लाय आणि कंट्रोलर (मशीनचा कॉम्प्युटर) सगळं येतं. कंट्रोलरला फक्त एवढंच कळतं की सिग्नलच्या पिनवर जो व्होल्टेज यायला हवा तो येत नाही. का येत नाही, हे त्याला दिसत नाही. नव्या मशीनवर सेन्सरवर संशय घेणं एक वेळ ठीक आहे. दहा-बारा हजार तास चाललेल्या मशीनवर मात्र वायर आणि कपलर हेच पहिले संशयित धरा.

कोडमधले आकडे वाचायचे कसे?

इलेक्ट्रॉनिक इंजिन असलेल्या बहुतेक मशीनवर कोड दोन भागांत येतो, एसपीएन आणि एफएमआय. एसपीएन म्हणजे कुठलं सर्किट: १०० म्हणजे इंजिन ऑइल प्रेशर, ११० कूलंटचं तापमान, १०२ बूस्ट प्रेशर, १५७ फ्युएल रेल प्रेशर, १९० इंजिन स्पीड. एफएमआय सांगतो बिघाड कुठल्या प्रकारचा आहे. लोक एसपीएन वाचतात आणि एफएमआय सोडून देतात. खरी माहिती त्या दुसऱ्या आकड्यातच असते.

एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज गरजेपेक्षा वर, ४ म्हणजे खाली. ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट ओपन, ६ म्हणजे करंट जास्त किंवा वायर अर्थला शॉर्ट. २ आला तर सिग्नल डळमळतो आहे, तिथे ढिली पिन शोधा. आणि ० किंवा १ आला तर सेन्सरला दोष देऊ नका. सिग्नल नीट येतो आहे, वस्तुस्थितीच बिघडली आहे. ११० सोबत ० आला तर इंजिन खरोखर तापलंय. रेडिएटर, फॅन बेल्ट, कूलंट पाहा. इथे सेन्सर बदलत बसलेल्या माणसाचं हेड गॅस्केट जातं.

जुन्या मशीनवर कंपनीचे स्वतःचे कोड असतात. त्यांना त्याच मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल लागतं. शेजारच्या साइटवरच्या दुसऱ्या कंपनीच्या मशीनचा तक्ता चालत नाही.

तपासणी कुठून सुरू करायची?

बॅटरीपासून. प्रत्येक वेळी, कोड कुठलाही असो.

पोकलेनवर १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ केलेले असतात. रात्रभर बंद असलेल्या मशीनवर दोन्ही मिळून २५.२ च्या आसपास हवेत. इंजिन चालू असताना २७.५ ते २८.५. सेल्फ मारताना मीटर १८ च्या खाली जात असेल तर कंट्रोलर मध्येच झोपतो आणि असे कोड टाकतो ज्यांचा सेन्सरशी काही संबंध नसतो.

मग प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. एक १२.६ आणि दुसरी ११.८ असेल तर केबिनमध्ये वर पाहा. ऑपरेटरने पंखा नाहीतर म्युझिक सिस्टीम एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट ओढून लावलेली सापडेल. बिचाऱ्याचं चुकत नाही, मे महिन्यात इथे पारा ४० च्या वर असतो आणि एसी कधीचा बंद पडलेला असतो. पण त्याने एक बॅटरी सतत उपाशी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावून द्या, महाराणी रोडवर मिळतो.

नंतर अर्थ. मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर, लाल वायर इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर अर्थची केबल किंवा तिचा लग (टोकाचा धातूचा जोड) खराब आहे. लग उघडा, रंग आणि गंज घासून काढा, परत आवळा. ‘सेन्सर गेला’ म्हणून आलेल्या कितीतरी मशीन इथेच सुटतात.

कुठली हत्यारं लागतात?

चांगला डिजिटल मीटर, मागून कपलरमध्ये घालायला बारीक पिना, कॉन्टॅक्ट क्लीनर, योग्य क्रिंपिंग प्लायर आणि हीट श्रिंक स्लीव्ह. बल्बचा टेस्ट लॅम्प कंट्रोलरच्या वायरवर लावू नका. तो जेवढा करंट खेचतो तेवढा सेन्सरच्या सर्किटला झेपत नाही. वायरच्या इन्सुलेशनला सुई टोचूनही तपासू नका. त्या छिद्रातून पावसाळ्यात पाणी शिरतं आणि दिवाळीपर्यंत आतली तार हिरवी होते.

तीन वायरचा प्रेशर सेन्सर कसा तपासू?

पंप प्रेशर, पायलट प्रेशर, बूस्ट, रेल प्रेशर हे सगळे बहुतेक याच जातीचे. एक वायर सप्लायची, एक अर्थची, एक सिग्नलची. सप्लाय साधारणपणे ५ व्होल्ट असतो. काही जुन्या मशीनवर पंपाच्या सेन्सरला २४ व्होल्टही जातात, म्हणून आधी डायग्राम पाहा.

कपलर काढा, चाबी ऑन करा, इंजिन बंद ठेवा. हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) बाजूने सप्लाय आणि अर्थच्या पिनांमध्ये मोजा. ४.७५ ते ५.२५ आले तर दोन्ही ठीक. शून्य आले तर लाल पिन तशीच ठेवून काळी बॅटरीच्या निगेटिव्हवर धरा. आता ५ आले तर सेन्सरची अर्थ तुटली आहे, तरीही शून्य असेल तर सप्लाय.

मग कपलर परत लावा आणि मागून पिन घालून सिग्नल मोजा. इंजिन बंद, प्रेशर उतरलेलं, तेव्हा ०.५ च्या जवळ हवा. पूर्ण प्रेशरला तो ४.५ पर्यंत जातो आणि मधला चढ सरळ असतो. म्हणजे सेन्सर ५०० बारचा असेल तर ३४० बारच्या रिलीफ प्रेशरला (सिस्टीमच्या कमाल दाबाला) सुमारे ३.२ व्होल्ट दिसले पाहिजेत. इंजिन चालू, लिव्हर मधोमध, पंपावर ३०-४० बार, तेव्हा ०.८ च्या आसपास. हे गणित कागदावर करून ठेवा. ते हाताशी असलं की दुसऱ्याच्या अंदाजावर अवलंबून राहावं लागत नाही.

एक झटपट युक्ती आहे. एफएमआय ४ आलाय, कपलर काढला आणि कोड ४ चा ३ झाला, तर कंट्रोलर आणि वायर ठीक आहेत, सेन्सरच सिग्नल खाली खेचत होता. कोड बदलला नाही तर हार्नेसच्या कपलरमध्ये सिग्नल आणि ५ व्होल्टची पिन छोट्या वायरने जोडून पाहा. आता ३ झाला तरी वायर ठीकच. दोन्ही वेळा ४ च राहिला तर कंट्रोलरपर्यंतची वायर शोधा: कुठेतरी तुटली आहे किंवा अर्थला लागली आहे. इथे २४ व्होल्ट मात्र चुकूनही लावू नका.

दोन पंपांच्या मशीनवर पहिल्या आणि दुसऱ्या पंपाचा सेन्सर बहुधा एकच असतो. पार्ट नंबर जुळत असेल तर अदलाबदल करा. कोड दुसऱ्या पंपावर गेला तर सेन्सर खराब, तिथेच राहिला तर वायर. यात पैसा खर्च होत नाही. पण सेन्सर खोलण्याआधी बकेट जमिनीवर टेका, इंजिन बंद करा, चाबी ऑन ठेवून सेफ्टी लिव्हर खाली करून सगळे लिव्हर चारी बाजूंना हलवा आणि टाकीचा ब्रीदर (हवा येण्या-जाण्याचं झाकण) हळूहळू दाबून प्रेशर सोडा. प्रेशरमधल्या तेलाची सुईसारखी धार कातडीतून आत जाते. वरून छोटा ठिपका दिसतो आणि बोट किंवा हात कापायची वेळ येते. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच तासात इस्पितळ गाठा.

तापमानाचा सेन्सर घरी तपासता येतो का?

येतो. तो दोन पिनांचा थर्मिस्टर असतो, तापला की त्याचा रेझिस्टन्स उतरतो. २५ अंशांना दोन-अडीच हजार ओहम दाखवणारा सेन्सर उकळत्या पाण्यात दोनशेच्या आसपास येतो. काही कंपन्यांचे आकडे यापेक्षा बरेच मोठे असतात, पण उतार सलग असला पाहिजे, मध्ये उडी नको. पाणी तापवत सेन्सरचं टोक बुडवा आणि मीटर पाहत राहा. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी ९८ अंशांना उकळतं. तक्त्यात १०० चा आकडा असेल तर थोडा फरक येणारच.

सेन्सर न काढताही कळतं. कपलर काढल्यावर डिस्प्लेवर अगदी थंड आणि दोन पिना जोडल्यावर अगदी गरम दिसलं, तर वायरिंग चांगली आहे.

ऑइल प्रेशरचा दिवा लागतो. सेन्सर की इंजिन?

आधी इंजिन बंद. सेन्सरच्या जागी साधा काट्याचा गेज लावून प्रेशर मोजा, मग बोलू. या एका दिव्याबाबत अंदाज चालत नाही.

सेल्फ मारल्यावर इंजिन फिरतं पण स्टार्ट होत नाही, डिस्प्ले आरपीएम शून्य दाखवतो.

स्पीड सेन्सर. सेन्सर दोन वायरचा असेल तर तो चुंबकाचा असतो. त्याचा रेझिस्टन्स मोजता येतो आणि सेल्फ मारताना मीटरवर एसी व्होल्टेज येतो. तीन वायरचा असेल तर आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, त्याला ओहमवर मोजू नका, सप्लाय आणि सिग्नल पाहा. दोन्हींत आधी टोक पुसा. चुंबकाला लोखंडाचा चुरा चिकटतो आणि सिग्नल मरतो. नुसतं पुसल्यावर सुरू झालेल्या मशीन आम्ही बऱ्याच पाहिल्या आहेत. पण चुरा जास्त असेल तर तो आला कुठून, हेही शोधलं पाहिजे.

कोड येतो आणि आपोआप जातो. मेकॅनिक आला की काहीच सापडत नाही.

हा सगळ्यांत त्रासदायक प्रकार, आणि जुन्या मशीनवर सगळ्यांत जास्त आढळणारा. इथे ऑपरेटर हाच तुमचा मुख्य साक्षीदार. त्याला नीट विचारा: सकाळी येतो की दुपारी? मशीन तापल्यावर? बूम वर असताना? चेनवर चालताना? पाऊस पडून गेल्यावर? फक्त उजवीकडे स्विंग करताना?

राऊच्या पुढे एका प्लॉटिंगच्या कामावर वीस टनी मशीन होती. स्विंग थांबवताना झटका बसला की पंप प्रेशरचा कोड यायचा, मशीन स्लो व्हायची आणि चाबी बंद-चालू केली की पुन्हा नीट. आधी दोन सेन्सर बदलून झाले होते. केबिनच्या मागून पंपाच्या कप्प्यात जाणारी हार्नेस एका लोखंडी क्लॅम्पमधून जाते, त्या क्लॅम्पचं रबर झिजून पडलं होतं. काळ्या मातीचा थर खरवडला, टेप सोडवली, तर सिग्नलच्या वायरवर तिळाएवढं तांबं चमकत होतं. झटक्याला हार्नेस हलायची आणि तो तीळ क्लॅम्पच्या धारेला टेकायचा. बाकी दिवसभर टेकायचा नाही, म्हणून उभ्या मशीनवर मीटरला सगळं ठीक दिसायचं. वायर जोडली, स्लीव्ह घातली, क्लॅम्पला नवं रबर लावलं.

तेव्हा इंजिन चालू ठेवून, एकाने डिस्प्लेवर किंवा मीटरवर नजर ठेवायची आणि दुसऱ्याने हार्नेस वीतभर-वीतभर हलवत जायचं. बूमच्या पायाशी, केबिनच्या खाली, पंपाजवळ, सायलेन्सरजवळ, आणि जिथे जिथे वायर धातूच्या कडेवरून वळते तिथे जास्त वेळ द्या. पंख्यापासून आणि फिरणाऱ्या बेल्टपासून हात लांब. एक माणूस कायम चाबीजवळ हवा.

मीटरची बीप वाजली म्हणजे वायर चांगली, हेही पूर्ण खरं नाही. दहा तारांपैकी एक शिल्लक असली तरी बीप वाजते. सिग्नलला तेवढी पुरते, पण सोलेनॉइडला (व्हॉल्व्ह चालवणाऱ्या विजेच्या कॉइलला) आणि अर्थला पुरत नाही. म्हणून त्या वायरी लोड चालू असताना मोजायच्या.

पावसाळ्यात कोड वाढतात. काही करता येतं?

माळव्याची काळी माती ओली झाली की सोडत नाही. ती कपलरभोवती लिंपली जाते, आठवडाभर ओल धरते, सुकताना आवळते आणि सील ओढते. मग ऑपरेटर प्रेशर वॉशरने ती उडवतो आणि पाणी थेट पिनांवर जातं.

जूनच्या आधी खालचे कपलर एक-एक उघडा, क्लीनर मारा, वाळू द्या, रबर सील पाहा, सीलला थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून बंद करा. पिनांवर चॅसिसचं साधं ग्रीस भरू नका. हिरवी झालेली पिन घासून वेळ मारू नका, ती बदला. धुताना कपलरवर धार नको, माती हाताने किंवा हवेने काढा.

आणि उंदीर. पावसात मशीन चार-सहा आठवडे उभी राहिली की सीटखाली आणि बॅटरी बॉक्समध्ये घर करतात. डबा, फरसाण, पोह्याची पुडी केबिनमध्ये ठेवू नका. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

एकदम पाच-सात कोड आले. सगळे सेन्सर गेले का?

सगळे एकदम जात नाहीत. त्यांच्यात सामायिक काय आहे ते शोधा. अनेक सेन्सरना एकच ५ व्होल्टची लाइन जाते. एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की सगळी लाइन बसते. ५ व्होल्टवर मीटर लावून ठेवा आणि एक-एक कपलर काढत जा. ज्याच्यावर व्होल्टेज परत येईल तो दोषी.

डिस्प्ले रिकामा किंवा ‘संपर्क नाही’ असे कोड असतील तर कॅन लाइन पाहा, म्हणजे ज्या दोन वायरींवरून कंट्रोलर आणि डिस्प्ले एकमेकांशी बोलतात ती. चाबी बंद करा, दोन मिनिटं थांबा, बॅटरी कट ऑफ करा आणि कॅनच्या दोन वायरींमध्ये ओहम मोजा. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून ६० यायला हवेत. १२० आले तर एका बाजूची लाइन तुटली किंवा रेझिस्टर गेला. शून्याजवळ आले तर दोन वायरी एकमेकींना लागल्या आहेत.

मशीन लोड घेत नाही, इंजिन दबतं. सेन्सर की पंप?

पंपाच्या टेस्ट पोर्टवर गेज लावा आणि त्याच वेळी डिस्प्लेवरचं प्रेशर पाहा. गेज आणि डिस्प्ले जुळत असतील तर सेन्सर खरं बोलतोय, बिघाड हायड्रॉलिकमध्ये नाहीतर डिझेल फिल्टरमध्ये. जुळत नसतील तर सेन्सरच्या सर्किटकडे या. गेज न लावता पंप खोलायला कुणी सांगत असेल तर त्याला थांबवा. पंपाचं काम लाखांत जातं.

काही जुन्या मशीनवर पंपाच्या कंट्रोलसाठी इमर्जन्सी स्विच असतो. तो टाकल्यावर काम बऱ्यापैकी होतं आणि नॉर्मलवर होत नाही, तर इलेक्ट्रिकल बाजू आधी तपासा. त्या स्विचवर महिनोन् महिने मशीन चालवू नका.

जुनी मशीन घ्यायला चाललोय. सेन्सरच्या बाबतीत काय पाहू?

सकाळी लवकर जा आणि मालकाला सांगा की मशीन आधी सुरू करू नका. इंजिनवर हात ठेवा. इंजिन गार असताना डिस्प्लेवरचा तापमानाचा काटा मधोमध असेल तर सेन्सरच्या जागी रेझिस्टर बसवलेला आहे. असं करतात. गरम होणारी मशीन विकायची असते, काटा कायम हिरव्यात दिसावा म्हणून.

चाबी ऑन केल्यावर, स्टार्टच्या आधी, चार्जिंगचा आणि ऑइल प्रेशरचा दिवा क्षणभर तरी लागलाच पाहिजे. लागला नाही तर बल्ब काढला आहे किंवा वायर कापली आहे. मग डिस्प्लेच्या मेनूत जुन्या कोडची यादी पाहा. दहा वर्षांच्या मशीनची यादी पूर्ण रिकामी असणं ही शंकेची गोष्ट आहे, ती आदल्या संध्याकाळी पुसलेली असू शकते. म्हणून दोन तास खरं काम करून घ्या, तेल पूर्ण तापू द्या, मग पुन्हा यादी उघडा. पुसलेले कोड गरम मशीनवर परत येतात.

शेवटी मागचं दार उघडून वायरिंगचा रंग पाहा. कंपनीची हार्नेस एकसारखी असते, नळीत बसवलेली, क्लॅम्पने धरलेली. मध्येच घरगुती लाल-पिवळी वायर, काळ्या टेपच्या गाठी, लटकणारे रिकामे कपलर दिसले तर प्रत्येक गाठ कशासाठी घातली ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर किमतीतून पूर्ण हार्नेसच्या कामाचे पैसे कमी करा. रंग नवा आणि वायरिंग जुनी, अशा मशीनला भुलू नका.

ओरिजिनल सेन्सर महाग आहे. लोकल चालेल का?

तापमानाचा किंवा डिझेल टाकीचा सेन्सर चांगल्या नावाचा लोकल घेतला तर निभावतं. रेल प्रेशर, पंप प्रेशर आणि स्पीड सेन्सर ओरिजिनलच घ्या. दिसायला सारखा, चुडी सारखी, पण ५०० बारच्या जागी ४०० बारचा सेन्सर आला तर डिस्प्ले चुकीचं प्रेशर दाखवेल, कंट्रोलर त्यावरून पंप चालवेल, आणि कोडही येणार नाही.

बकेटला वेल्डिंग करायचंय. सेन्सरला धोका आहे का?

आहे, आणि कंट्रोलरला त्याहून जास्त. बॅटरीची निगेटिव्ह काढा, कंट्रोलरचे कपलर काढा, आणि वेल्डिंगची अर्थ जिथे वेल्ड करताय त्याच्या वीतभर अंतरावर लावा. अर्थ चेनवर आणि वेल्ड बकेटवर, असं केलं की करंट पिना, स्विंग बेअरिंग आणि वायरिंगमधून वाट काढतो.

मशीन सिमरोलच्या पुढे साइटवर अडकली आहे. इलेक्ट्रिशियनला फोनवर काय सांगू?

मॉडेल, सिरीयल नंबर, तास. कोड पूर्ण, दोन्ही आकड्यांसह, शक्य असेल तर डिस्प्लेचा फोटो. कोड आत्ता चालू आहे की यादीतला जुना आहे. बॅटरीचा व्होल्टेज, बंद आणि चालू दोन्ही. बिघाड कधी येतो ते ऑपरेटरच्या तोंडून, त्याच्याच शब्दांत. गेल्या महिन्यात मशीनवर कुणी काय काम केलं, वेल्डिंग, धुलाई, बॅटरी बदल, सगळं. आणि येईपर्यंत कोड पुसू नका.